बाळाचं टोपडं: हातमशीनवर घरच्या घरी

कपाशीची वेचणी आणि थंडी आपल्याकडे बरोबरच येतात. बुलडाण्याच्या घाटावर तर संध्याकाळ झाली की शेकोटी पेटते. अशा दिवसांत घरात लेकरू जन्मलं की आजीचा पहिला सवाल ठरलेला असतो, "टोपडं कुठाय?" मग खामगाव, चिखली नाहीतर मेहकरच्या बाजारातून बाहेरून आलेली टोपी विकत आणायची. शेतकरी बंधू-भगिनींनो, हेच टोपडं गावातला बचत गट विणण्याच्या हातमशीनवर करू शकतो. हातमशीनला वीज लागत नाही, म्हणून भारनियमनाचाही धाक नाही.

टोपडं कशासाठी?
नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. ते उघडं आणि ओलं राहिलं की ऊब झपाट्याने निघून जाते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या सेवेत इतर उपचारांबरोबर बाळाला उबदार ठेवण्यालाही जागा होती. टोपडं म्हणजे औषध नव्हे. मात्र जन्मताच बाळाला कोरडं करणं, आईच्या छातीशी धरणं आणि डोकं झाकणं या गोष्टी कुठल्याही घरात होऊ शकतात. बाळ कमी वजनाचं असेल तर आशाताईंना लगेच कळवा.

आधी नमुना, मग टोपडं
मशीनवर सुयांची रांग असते. प्रत्येक सुईला हूक आणि उघडझाप करणारी बारीक पट्टी असते. वरून कॅरेज एकदा सरकलं की एक ओळ विणून होते. घाई करून थेट टोपडं घालायला घेऊ नका. आधी ४० टाक्यांचा, ६० ओळींचा तुकडा विणा. तो थोडा वेळ ठेवून मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. समजा २८ टाके आणि ४० ओळी आल्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. टोपडं ताणून बसावं म्हणून ३२ सेंटिमीटर धरा. ३२ गुणिले २.८, म्हणजे ९० टाके. उंची १७ सेंटिमीटर, म्हणजे ६८ ओळी. तुमची लोकर वेगळी असेल तर हिशेबही वेगळा येईल.

कृती
१. ९० सुया पुढे घ्या. प्रत्येक सुईला धाग्याचा वेढा देऊन टाके घाला आणि खाली वजनं अडकवा.
२. साध्या विणीच्या ६८ ओळी विणा. खालची कडा आपोआप गुंडाळते, तीच टोपड्याची दुमड होते.
३. आता एकाआड एक टाका शेजारच्या सुईवर चढवा. ४५ टाके राहतील. रिकाम्या सुया मागे सारून एक ओळ सैल विणा.
४. हातभर धागा ठेवून कापा. मोठ्या सुईने तो सगळ्या टाक्यांतून ओवून घ्या, टाके मशीनवरून उतरवा आणि धागा घट्ट ओढा. शेंडा बंद झाला.
५. त्याच धाग्याने बाजू शिवा. गुंडाळणाऱ्या कडेची शिवण उलट बाजूने घ्या.

आतल्या बाजूला लोंबता धागा राहू देऊ नका, तो बाळाच्या बोटात अडकतो. बटण, मणी आणि बांधायच्या नाड्याही नकोत. लोकर मऊ हवी. आपल्या गालावर घासून पाहा. टोचली तर लेकरालाही टोचणारच. उन्हाळ्याच्या दिवसांत सुती धागा बरा. बाळाला घाम आला तर टोपडं काढायचं, हेही घेणाऱ्या आईला सांगा.

धंद्याचा हिशेब
१९७९ साली सुरू झालेल्या 'ट्रायसेम' योजनेपासून ग्रामीण भागात अशा कामांची प्रशिक्षणं होत आली. ती योजना १९९९ साली सुवर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. आज बचत गटांचं काम 'उमेद' पाहतं. पण योजना कोणतीही असो, प्रशिक्षण संपलं आणि गिऱ्हाईक नसलं की मशीन कोपऱ्यात धूळ खातं. तेव्हा आधी गिऱ्हाईक शोधा, मग मशीन घ्या. लोकर, मजुरी, वाया गेलेला माल आणि मशीनची झीज हे सगळं धरून भाव ठरवा. घरच्या बाईची मेहनत फुकट धरू नका. रोज काम संपलं की ब्रशने तूस झाडा आणि मशीनला बेताचं तेल द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं: स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. गावात वर्षाला किती बाळं जन्मतात याची नोंद तुमच्याच दप्तरात आहे. तेवढी टोपडी गावातल्या गटाकडून घेता येतील का, हा विषय येत्या ग्रामसभेत मांडून पाहा. गटाला पहिलं गिऱ्हाईक मिळेल आणि गावच्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर ऊब येईल.