फुलाचे नाव आणि तेलाचा भाव

माहुलच्या कोळीवाड्यात कापडाची उधारी वसूल करायला गेलो असता ओळखीच्या एका बाईंनी विचारले, "चाचा, तुम्ही लावता त्याला मोगरा म्हणता, मग आमच्या गजऱ्यासारखा वास का येत नाही?" एकीकडे सुकत घातलेली मासळी, पाठीमागे तेल शुद्धीकरणाचे कारखाने, तरीही बाईंच्या अंबाड्यातील गजरा आपला वास राखून होता. मला उत्तर देता आले नाही. तरुणपणापासून अत्तर लावणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, म्हणून चौकशी केली. ईद आणि लग्नसराईत कापडाबरोबर अत्तराच्या कुप्या विकणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांच्याही ती उपयोगी पडेल.

मोगरा किंवा चमेली यांचा वास एका पदार्थाचा नसतो. त्यात बेन्झिल अ‍ॅसिटेट असते, लिनालूल असते, आणि इंडोल नावाचा पदार्थ अगदी थोडा असतो. नुसते इंडोल हुंगले तर कापडाच्या गोदामातील डांबराच्या गोळ्या आठवाव्यात. पण तो किंचित असल्यामुळेच फूल जिवंत वाटते. बेन्झिल अ‍ॅसिटेट कारखान्यात टोल्युइनपासून स्वस्तात तयार होते आणि टोल्युइन पेट्रोलियममधून निघते. स्वस्त कुपीत भर असतो तो याचाच. म्हणजे माहुलच्या हवेतील वास आणि कुपीतील मोगरा यांचे दूरचे नाते निघाले!

खरे मोतिया अत्तर कन्नौजच्या जुन्या पद्धतीने निघते. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने बंद करतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, तिथे चंदनाचे तेल असते. त्याच तेलावर रोज नव्या फुलांची वाफ चढवीत राहतात. तेव्हा भाव फुलांचा तर असतोच, पण त्याहून चंदनाचा असतो. चंदन महागले तसे अनेकांनी त्याजागी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी वापरायला सुरुवात केली.

फुले किती लागतात याचा अंदाज मला एका परदेशी बाटलीने दिला. आखाती देशातून आलेल्या एका नातेवाइकाने घरच्या मंडळींसाठी 'जॉय' आणले होते. पॅरिसच्या झां पातू यांच्या कंपनीसाठी आंरी आल्मेरास यांनी ते 1930 च्या सुमारास, जागतिक मंदीच्या दिवसांत तयार केले. तीस मिलिलिटरला 10,600 चमेलीची फुले आणि 28 डझन गुलाब, अशी त्याची जाहिरात असे. चमेलीची आठेक हजार फुले एक किलो भरतात, म्हणजे एवढ्याशा बाटलीत किलोहून जास्त चमेली! पहिल्या वासाला गुलाब पुढे आला, चमेली मागून आली, आणि ती किंचित कुजकट गोडी हुबेहूब संध्याकाळच्या गजऱ्याची होती. दुसऱ्या दिवशी ओढणीला वास होताच. मात्र आज बाजारात 'जॉय' मागणाऱ्याने सावध असावे. 2018 मध्ये पातू कंपनी दुसऱ्या समूहाकडे गेली आणि त्याच वर्षी दिओरने या नावाचे वेगळेच सेंट काढले. नाव तेच, माल दुसरा.

कृत्रिम वास म्हणजे फसवणूक, असे मात्र नाही. 'शनेल नंबर पाच' 1921 मध्ये निघाले, त्याची ओळखच अल्डिहाइड या रसायनांची आहे. आपल्या मुलुंडची केळकरांची कंपनी 1922 पासून सुगंधाच्या धंद्यात आहे, हाही काही चोरीचा मामला नव्हे. हरकत आहे ती रसायन भरून वर 'असली मोतिया, संदली' लिहिण्याला.

मी स्वतः असा गंडलो आहे. एका व्यापाऱ्याकडून 'संदली' म्हणून चढ्या भावाने चार तोळे घेतले आणि गिऱ्हाइकांना वास द्यावा म्हणून सफेद मलमलीच्या नमुन्यांवर थेंब लावले. चार दिवसांत वास गेला, तेलाचे डाग राहिले. नमुने फुकट गेले.

तेव्हापासून थेंब आधी टिपकागदावर टाकतो आणि दोन दिवस ठेवतो. चंदनाचा वास मागे राहावा लागतो. वास उडून नुसता तेलकट डाग उरला तर माल परत. दुसरी परीक्षा स्पिरिटची. चंदनाचे तेल त्यात विरघळते, पॅराफिन वेगळे पडते. डीओपी मात्र विरघळतो, त्याला ही परीक्षा लागू नाही. म्हणून बिलावर 'चंदन तेलातील' असे लिहून मागतो. जो लिहून देत नाही, त्याचा माल साधे सेंट समजून साध्या सेंटच्याच भावाने घेतो आणि गिऱ्हाइकालाही तसेच सांगून विकतो.