कॉफीचं यंत्र तापत का नाही?



आमच्या महाविद्यालयात शिक्षकांच्या खोलीत कॉफीचं एक यंत्र होतं. एके सकाळी ते थंड पडलं. दिवा लागे, पण पाणी काही तापेना. वायरमनला बोलावलं. त्यानं बूड उघडून एक बारीकसा भाग काढून टाकला आणि तारेची दोन टोकं सरळ जोडून दिली. ‘जोडून टाका, काही होत नाही,’ असं म्हणणारा मीच होतो! यंत्र चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी जळका वास आला. पाहतो तो बूड वितळून टेबलाला चिकटलेलं. आग लागली नाही, हे नशीब.

तो बारीकसा भाग कसला होता, हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावलं पाहिजे. या ठिबक पद्धतीच्या यंत्रात टाकीतलं पाणी खाली अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत उतरतं. नळीला लागून तापक असतो. त्यातली तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. पाणी उकळू लागलं की वाफेचे बुडबुडे त्याला वर ढकलतात आणि ते कॉफीच्या भुकटीवर पडतं. भांड्याखालची तबकडीही हाच तापक गरम ठेवतो.

दुखणं ओळखण्याची खूण इथंच आहे. तबकडी गरम आहे, पण पाणी वर चढत नाही, तर नळी बहुधा क्षारांनी तुंबलेली असते. दोन्ही थंड असतील, तर तापक तुटला आहे किंवा त्याच्यापर्यंत वीजच पोहोचत नाही. तेव्हा प्रथम त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण लावून पाहावं. प्लगची पिन काळवंडली आहे का, तेही बघावं.

तापकाच्या वाटेवर विजेला दोन पहारेकरी भेटतात. पहिला थर्मोस्टॅट. उष्णता ठराविक मर्यादेला गेली की तो वीज तोडतो आणि यंत्र निवलं की पुन्हा जोडतो. दुसरा उष्णतेचा फ्यूज. पहिला चुकला, तर हा स्वतःचा बळी देऊन वीज कायमची तोडतो. आम्ही काढून टाकला तो हाच!

तपासणी जाणकाराकडूनच करवून घ्यावी, आणि तीही प्लग काढून. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 1000 वॅटच्या तापकाचा रोध सुमारे 53 ओहम भरतो. मीटर काहीच दाखवीत नसेल, तर तापक तुटला. तापक ठीक असून फ्यूज गेला असेल, तर त्यावर छापलेल्या तापमानाचा आणि अँपिअरचाच नवा फ्यूज बसवावा.

पण फ्यूज गेला कशानं, हेही शोधलं पाहिजे. थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो. शिवाय बोअरचं पाणी जड असेल, तर नळीत चुन्याचा थर बसतो, उष्णता पाण्यात न जाता तापकातच कोंडते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून ते यंत्रातून फिरवावं. मग दोनदा साधं पाणी.

पहारेकरी पडला, तर तो का पडला ते पाहावं आणि दुसरा नेमावा. दार उघडं टाकून झोपू नये.