अंगठी, पाणी आणि सोनारावरचा आळ

आर्किमिडीजची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. मुकुट पाण्यात बुडवला, सांडलेलं पाणी मोजलं, सोनाराची चोरी पकडली, असं विट्रुव्हिअस लिहितो. तेही सुमारे दोनशे वर्षांनंतर. १५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओने ही रीत फार ढोबळ ठरवली आणि पाण्यात वजन करायचा तराजू सुचवला. तो असं का म्हणाला, हे मला घरी कळलं.

आईची एक अंगठी होती, बावीस कॅरेटची म्हणून घेतलेली. वजन ५.८० ग्रॅम. मोजपात्रात टाकली तर पाणी चढलं जेमतेम एक-तृतीयांश मिलिलिटर. हे डोळ्यांनी वाचायचं म्हणजे अंदाजपंचे!

मग दुसरी रीत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा. अंगठी दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. आकडा वाढतो. तुम्ही म्हणाल, अंगठी तर दोऱ्याने तोललीय, मग वाढलं काय? पाणी अंगठीला वर ढकलतं, तितक्याच जोराने अंगठी पाण्याला खाली ढकलते. तो जोर म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर, म्हणून काट्यावरचा आकडा हेच आकारमान.

आकडा आला ०.३७. भागाकार केला, घनता १५.७. बावीस कॅरेटची साधारण १७.७ ते १७.८ असते, मिश्रणानुसार थोडी मागेपुढे. ही तर अठरा कॅरेटच्या आसपास निघाली. धाकटा भाऊ उसळला, "दादा, आईला फसवलंय त्याने!" आणि चपला घालू लागला.

इथे मी त्याला थांबवलं. पिएर द्युएम म्हणून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होता, तत्त्वचिंतकही. त्याचं म्हणणं, प्रयोगात एकटं विधान कधी तपासलं जात नाही, सोबत गृहीतकांचा सगळा गोतावळा असतो. आमचा आकडा 'सोनं हलकं आहे' असं सांगत होता, की 'पाण्याने फक्त सोनंच वेढलंय' हे आमचं गृहीतक चुकलंय, असं? अंगठीच्या चौकटीमागे खळगा होता. त्यात हवा अडकली असली, तर तीही पाणी सारणार, वजन मात्र काही देणार नाही.

साबणाचा थेंब लावून अंगठी धुतली, पाण्याखाली तिरकी करून हलवली. बुडबुडा सुटताना दिसला. आता आकडा ०.३३, घनता १७.६.

भावाने चपला काढल्या. पण अंगठी बावीस कॅरेटची सिद्ध झाली, असं मी म्हणत नाही. शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे झाला, तर उत्तर १७.१ ते १८.१ मध्ये कुठेही पडतं. एकवीस कॅरेटही त्यात बसेल. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, तेव्हा तिथे तर आपला काटा हात टेकेल. भावाला इतकंच म्हटलं, सोनाराकडे जायचंच असेल तर जा, पण भांडायला नको, कस लावून घ्यायला जा.