पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुसरी शाखा

डॉक्टरकीत वीस-बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला ‘तुम्ही हीच शाखा का घेतली?’ असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘मिळाली म्हणून’ असं येतं. पदव्युत्तर प्रवेशाचं सगळं गणित क्रमांकाचं. यादीत आपल्या वरची मुलं रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग घेऊन मोकळी होतात. मग उरलेल्या जागांतून घरापासूनचं अंतर, कॉलेजचं नाव, फी, बाँड आणि कधी कधी लग्नाची चाललेली बोलणी हे सगळं डोक्यात घेऊन पंचविशीतली मुलगी एक जागा धरते. तेवढ्या घाईत ठरलेलं काम पुढे पस्तीस-चाळीस वर्षं करायचं असतं. म्हणून पन्नाशीजवळच्या डॉक्टरला ‘आता दुसरं काही करावं का’ असं वाटू लागलं, तर त्याला चंचल म्हणणं अन्यायाचं आहे. जो विचार करायला तेव्हा सवड मिळाली नव्हती, तो विचार तो आता करतो आहे.

बॅचच्या रियुनियनला, परिषदांच्या जेवणाच्या रांगेत हा विषय आता उघडपणे निघतो. पूर्वी कुणी असं बोललं की ‘प्रॅक्टिस चालत नसेल’ असा अर्थ काढला जाई. आज उत्तम चालणाऱ्या हॉस्पिटलांचे मालकही हेच विचारताना दिसतात, आणि त्यांची कारणं एका साच्यातली नसतात.

शरीराचं कारण सगळ्यात आधी. शिशाचा एप्रन अंगावर घेऊन वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाची पाठ, सूक्ष्मदर्शकात वाकून बसणाऱ्या शल्यविशारदाची मान, बारीक टाके घालताना दगा देऊ लागलेली नजर. पण मला सर्वांत जास्त जाणवतो तो प्रसूतितज्ज्ञ बाईंचा शीण. तालुक्याच्या गावी खाली हॉस्पिटल, वर घर. रात्री सव्वादोनला खालून सिस्टरचा फोन येतो, ‘मॅडम, बाळाचे ठोके कमी येतायत.’ केसांना क्लिप लावत, खांद्यावर फोन दाबून भूलतज्ज्ञाला उठवत बाई जिना उतरतात. भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून गाडी काढून येणार, तोवर थिएटर लावायचं, नातेवाइकांशी बोलायचं, सह्या घ्यायच्या. सीझर होतं, बाळ रडतं, सगळं निभावतं. सकाळी दहाला ओपीडी असतेच. तिशीत या धावपळीची एक झिंग असते. पन्नाशीत मात्र ज्या रात्री फोन येत नाही त्या रात्रीही झोप लागत नाही, कारण कान खालच्या मजल्यावर लागलेले असतात.

दुसरं कारण भीतीचं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. तो निर्णय रुग्णाच्या बाजूने योग्यच होता, असं माझं मत आहे. पण निष्काळजीपणा आणि दुर्दैव यांतला फरक कळण्याआधीच काचा फुटतात, हा अनुभव राज्यभर इतका आला की २०१० मध्ये महाराष्ट्राला डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. ज्या शाखांत मिनिटांचा हिशेब असतो, तिथले लोक सर्वांत आधी थकतात.

तिसरं कारण असं, की कधी कधी शाखाच पायाखालून सरकते. एकेकाळी जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया हे जनरल सर्जनचं रोजचं काम होतं. १९७०च्या दशकात आम्ल कमी करणारी प्रभावी औषधं आली, पुढे मार्शल आणि वॉरेन यांनी व्रणामागचा जंतू दाखवून दिला, आणि ते काम जवळपास संपलं. आन्द्रेआस ग्रुएन्ट्सिग यांनी १९७७ मध्ये झ्युरिकला फुग्याने हृदयाची रोहिणी उघडली, तेव्हापासून हृदयशल्यविशारदाकडचा बराच रुग्ण कार्डिऑलॉजिस्टकडे वळला. अशा वेळी माणूस शाखा सोडत नाही, शाखाच त्याला सोडून पुढे जाते.

आता इथे एक भेद केला नाही तर मोठी फसगत होते. आपण शाखेला कंटाळलो आहोत की ती ज्या परिस्थितीत करावी लागते तिला? रात्रीचे कॉल, हॉस्पिटलच्या इमारतीचा हप्ता, टिकत नसलेला स्टाफ, हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा आणि समोर फक्त रुग्ण बसला आहे असं समजा. त्याच्या तक्रारीत अजून जीव रमतो का? रमत असेल, तर बदल शाखेत करायचा नसून तिच्या मांडणीत करायचा आहे. वर सांगितलेल्या बाईंसारख्या अनेक जणींनी बाळंतपणं थांबवली आणि स्त्रीरोगाची ओपीडी, वंध्यत्वाचे उपचार, रजोनिवृत्तीच्या तक्रारी एवढंच ठेवलं. शाखा तीच राहिली आणि रात्र परत मिळाली.

हे सांगायला सोपं आहे. आपल्याकडे छोट्या गावातलं हॉस्पिटल हा बहुधा नवरा-बायकोचा जोडीचा धंदा असतो, आणि ती जोडी मुळात शाखा जुळवूनच झालेली असते. बायको प्रसूतितज्ज्ञ आणि नवरा बालरोगतज्ज्ञ, किंवा नवरा सर्जन आणि बायको भूलतज्ज्ञ. तिने लेबर रूम बंद केली की त्याच्याकडे येणारी नवजात बाळं बंद होतात. सिस्टरांचे पगार ज्या पैशातून निघतात तो पैसा बाळंतपणाचाच असतो. खालचं मेडिकल स्टोअर, लॅबवाला, रात्रीचा वॉचमन, सगळे त्याच एका खोलीवर उभे असतात. त्यामुळे एकाने शाखा बदलायची ठरवली की दुसऱ्याच्या शाखेचाही निकाल लागतो. करिअरविषयी सल्ला देणारे लोक हा मुद्दा विचारातच घेत नाहीत, आणि घरात मात्र सगळी चर्चा इथेच अडते.

समजा, खरोखरच दुसऱ्या शाखेत जायचं आहे. दारं किती आहेत? राजरस्ता एकच. नीट-पीजीला वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही परीक्षा देता येते. पण जागा मिळाली तर पूर्ण तीन वर्षं, प्रबंधासकट. आधीच्या एमडीची आणि वीस वर्षांच्या अनुभवाची त्यात एका महिन्याचीही सवलत नाही. पूर्वी दोन वर्षांच्या पदविकांचा मधला मार्ग असे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पुष्कळशा पदविका जागांचं पुढे पदवीत रूपांतर झालं. अलीकडे राष्ट्रीय परीक्षा मंडळाने काही विषयांत पदविका नव्याने सुरू केल्या आहेत, तोच काय तो दिलासा.

परत निवासी होण्यातला खरा कस अभ्यासाचा नसतो. सकाळच्या राउंडला पंचेचाळिशीतले डॉक्टर फाइल धरून उभे असतात आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान लेक्चरर सगळ्यांसमोर विचारतो, ‘सोडियमचा रिपोर्ट कुठाय?’ तो रिपोर्ट लॅबमधून आणणं हे त्यांचंच काम असतं. गावाकडे ज्यांच्या शब्दावर लोक मुंबई-पुण्याला जायचं की नाही हे ठरवतात, त्यांना इथे सीनियरला विचारल्याशिवाय एक इंजेक्शनही लिहिता येत नाही. ज्यांनी हे निभावलं त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी ते आधीच ओळखणं यातही शहाणपण आहे.

राजरस्त्याच्या कडेला पाऊलवाटा पुष्कळ. भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन क्रिटिकल केअरकडे वळतात; त्यासाठीच्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या अभ्यासक्रमांतून अनेक जण अतिदक्षता विभागात स्थिरावले. भूलशास्त्रातून वेदनाचिकित्सा, मेडिसिनमधून मधुमेह. या वाटा सोयीच्या आहेत कारण त्या शेजारच्या अंगणात उतरतात. मात्र शनिवार-रविवारच्या फेलोशिपचं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं म्हणजे शाखा बदलली असं होत नाही. त्या विषयातली मान्य पात्रता नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, असं २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे. उपचारात काही बिनसलं, तर वकिलाचा पहिला प्रश्न पदवीचा असतो आणि ती वैद्यक परिषदेकडे नोंदवली आहे का हा दुसरा. पैसे भरण्याआधी एवढी चौकशी करावीच.

इतिहासात मात्र अशा शाखाबदलांनी फार मोठी कामं उभी केली आहेत. हॅरॉल्ड गिलिज कान-नाक-घशाचे डॉक्टर. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक समोर आले आणि त्यांना नवे चेहरे घडवता घडवता आधुनिक प्लास्टिक सर्जरी उभी राहिली. त्याच गिलिज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया मुंबईत जे. जे. रुग्णालयात आले. त्यांनी आपली कला कुष्ठरुग्णांच्या वाकलेल्या बोटांसाठी आणि बसलेल्या नाकांसाठी वापरली, आणि मग त्यांना वाटू लागलं की रोग मुळात शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येतोच का. १९७५ मध्ये त्यांनी सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली आणि रायगड जिल्ह्यात मांडवा परिसरात गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. प्लास्टिक सर्जन ते खेड्यातलं सार्वजनिक आरोग्य हा प्रवास कागदावर अशक्य वाटतो. त्यांच्या दृष्टीने तो एकाच रुग्णाच्या मागे मागे चालत जाणं होतं.

डॉ. अभय बंग मेडिसिनचे एमडी, डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि गडचिरोली गाठली. मेडिसिनच्या डॉक्टरचं नाव पुढे जगभर झालं ते नवजात बाळांच्या घरोघरच्या काळजीसाठी. १९९९ सालचा त्यांचा ‘लॅन्सेट’मधला शोधनिबंध त्याच कामाचा. तिथे शाखा ठरवली ती गावात मरणाऱ्या बाळांनी.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल भूलतज्ज्ञ होते. कालिकतला कर्करुग्णांची वेदना कमी करण्यासाठी ते मज्जातंतूंवर इंजेक्शनं देत, आणि इंजेक्शनानंतरही जखम, भीती, घरची ओढाताण तशीच राहते हे त्यांना दिसत राहिलं. १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअरची) संस्था उभी केली, तेव्हा ते पंचेचाळिशीच्या पुढे होते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं होतं. तो २०१४ मध्ये सुधारला गेला, त्यामागे त्यांच्यासारख्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. मुंबईत अंतकाळच्या कर्करुग्णांसाठीचं वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, तेही डॉ. एल. जे. डिसूझा या कर्करोग शल्यविशारदाच्या पुढाकाराने. ही शाखा दुसऱ्या शाखांतून आलेल्या माणसांनी उभी केली आणि पदवी मागाहून आली. टाटा रुग्णालयात तिचा एमडी अभ्यासक्रम २०१२ मध्ये सुरू झाला.

परदेशी गेलेल्या आपल्या डॉक्टरांना हा निर्णय अनेकदा सक्तीने घ्यावा लागला. इकडची एमएस अमेरिकेत मोजली जात नसे, रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागे, आणि सर्जरीची जागा परदेशी पदवीधराला सहज मिळत नसे. मग शल्यविशारद व्हायला निघालेली माणसं मनोविकार, भूल, पॅथॉलॉजीत गेली. इंग्लंडमध्ये भारतीय उपखंडातले कितीतरी डॉक्टर वृद्धांच्या वॉर्डांत पोहोचले, कारण तिथल्या डॉक्टरांना ती शाखा नको होती. पुढे ब्रिटनमधली वृद्धचिकित्सा त्यांच्याच खांद्यावर उभी राहिली. नाइलाजाने घेतलेल्या शाखेतही माणूस रमतो, हे ही पिढी सांगू शकते. पण पहिल्या शाखेची हुरहुर जन्मभर राहिल्याचंही त्यांच्यातले काही जण सांगतात, तेही ऐकलं पाहिजे.

पैशांविषयी थोडक्यात. मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्च आणि इमारतीचं कर्ज डोक्यावर असताना तीन वर्षं विद्यावेतनावर काढणं बहुतेकांना झेपत नाही. ज्यांना झेपलं त्यांनी निर्णयाच्या आधी चार-पाच वर्षं तशी तजवीज केली होती. आणि उडी घेण्याआधी नव्या शाखेत निदान काही आठवडे नुसतं बसून पाहावं. मनोविकाराची ओपीडी लांबून निवांत दिसते, पण आत्महत्येच्या विचारात असलेल्या रुग्णाला घरी सोडायचं की ठेवून घ्यायचं हा निर्णय रोजचा असतो. रेडिओलॉजीत रात्र नसते हा समज ज्या हॉस्पिटलात सीटी चोवीस तास चालतो तिथे टिकत नाही.

मला खरा राग येतो तो व्यवस्थेचा. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ मिळत नाहीत, भूलतज्ज्ञांच्या जागा भरत नाहीत, वृद्धांसाठी आणि अंतकाळच्या रुग्णांसाठी तर माणूसच नेमलेला नसतो. दुसरीकडे, वीस वर्षं रुग्ण पाहिलेले, मरण जवळून पाहिलेले, नातेवाइकांशी कसं बोलायचं हे शिकलेले शेकडो डॉक्टर बदलाच्या वाटेवर उभे आहेत. त्यांना आणि कालच इंटर्नशिप संपवलेल्या मुलाला आपण एकाच रांगेत, एकाच प्रश्नपत्रिकेपुढे बसवतो. ब्रिटनमध्ये आधीचा अनुभव आणि काम तपासून तज्ज्ञ म्हणून नोंदणी देण्याचा एक मार्ग आहे, आणि तो बराच कडक आहे. आपणही परिहार सेवा, वृद्धचिकित्सा, कुटुंबवैद्यक आणि मनोविकार या चार विषयांपासून सुरुवात करू शकतो. आधी एमडी किंवा एमएस असलेल्यांसाठी वेगळ्या जागा, मूल्यमापन तेवढंच कठोर, मुदत दीड-दोन वर्षं, विद्यावेतन घर चालेल इतकं, आणि बदल्यात जिल्हा रुग्णालयात ठरावीक वर्षांची सेवा. नव्याने एखादं वैद्यकीय महाविद्यालय काढायला जेवढा पैसा आणि काळ लागतो, त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. आणि असा डॉक्टर कामावर रुजू होईल, त्या दिवशी रुग्णाशी बोलायला त्याला कुणी शिकवावं लागणार नाही.