मिसिंग कुठल्या सिलिंडरला?

दिवाळीच्या आगेमागे तीर्थपुरीच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. जायकवाडीच्या २०८ किलोमीटर लांब डाव्या कालव्याने घनसावंगीच्या या पट्ट्यात ऊस वाढवला, उसामागे साखर कारखाना आला आणि त्यापाठोपाठ ट्रक-ट्रॅक्टर. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर मालकाची खेप बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी मेकॅनिक लागतो, तोही लगेच.

तो घडतो कुठे? बहुतेकदा गॅरेजातच. शाळा सुटलेला पोऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागतो. आधी सुटे भाग डिझेलात धुवायचे, १२-१३चा पाना मागितला की तोच हातात द्यायचा. मग एअर काढणं, टॅपेट सेटिंग, क्लचप्लेट. या शाळेला मी नावं ठेवणार नाही. आवाजावरून दुखणं ओळखणारे कान तिनेच घडवले.

पण एक उदाहरण पाहा. इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. जुनी रीत अशी : चालू इंजिनावर एकेका नोजल-पाइपचा नट ढिला करायचा. ज्याच्यामुळे आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आजारी. जुन्या पंपावर हे खपून जायचं. आता बहुतेक ट्रक कॉमन रेलचे, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल देणारे. ट्रकच्या टायरमध्ये साधारण आठ बार हवा असते. या पाइपमधलं डिझेल दीड हजार बारच्याही वर जातं. नट सैल झाला की सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जखम दिसते टाचणीएवढी, पण बोट कापावं लागू शकतं. नव्या गाडीत हीच चाचणी स्कॅनर लावून होते.

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि सायलेन्सरच्या वाटेवरही रसायनशास्त्र आलं. धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत लागतं ठरावीक शुद्धतेचं यूरियाचं द्रावण. शेतातला यूरिया बादलीत कालवून ओतला तर दुरुस्तीचं बिल पिशवीच्या किमतीत बसत नाही!

म्हणूनच आयटीआय हवं. १९५०पासून चाललेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत ‘मेकॅनिक डिझेल’ हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड आहे, ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ दोन वर्षांचा. पुढे १९६१च्या कायद्याखाली विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते; एसटीच्या कार्यशाळाही असे उमेदवार घेतात. अर्थात गिअरबॉक्स स्वतः न उघडता मिळालेलं प्रमाणपत्र गॅरेजात कुणी विचारत नाही. ती कसर उस्तादच भरून काढतो.

खरं तर सुरुवात हायस्कुलातच व्हायला हवी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. ट्रकचा मेकॅनिक त्यातून लगेच तयार होत नाही, पण दाब म्हणजे काय हे त्या मुलाला पुस्तकाबाहेरही कळतं. ऊस आणि ट्रक दोन्ही असलेल्या गावात असा वर्ग नसणं मला परवडणारं वाटत नाही.

पालकांनो, दहावीच्या निकालानंतर आयटीआयचा ऑनलाइन अर्ज भरताना ट्रेडचा पसंतीक्रम मुलाला विचारून भरा. गॅरेजात पाठवायचंच असेल, तर प्रशिक्षणानंतर पाठवा.