पिच्चरमधला लक्षात राहिलेला शीन

सर्वसाधारण प्रेक्षकाला सिनेमा आठवतो तो प्रसंगांच्या रूपाने. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात ‘पिच्चर कसा होता?’ असे विचारले, तर अख्खी कथा क्वचितच कुणी सांगतो. हिरोची एन्ट्री, एखादा डायलॉग, मारामारी नाहीतर शेवट, यांपैकी एक ‘शीन’ हातवाऱ्यांसह सांगितला जातो. समीक्षक दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन असे पदर सोडवून पाहतात. प्रेक्षक एका प्रसंगावरून सगळ्या सिनेमाचा निकाल लावतो. त्याच्या निवडीला ठरावीक कारणे असतात.

पहिले कारण म्हणजे रोजच्या बोलण्यात शिरलेला संवाद. १९८८ साली आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा याचा सर्वांत ठळक दाखला. वसंत सबनीसांचे लेखन आणि सचिन पिळगावकरांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात इस्तंबूलच्या औषधाचा आणि सत्तर रुपयांचा प्रसंग आहे. तो पडद्यावर जेमतेम काही क्षण टिकतो. तरी उसने दिलेले पैसे बुडाले की आजही लोकांना तोच आठवतो. चित्रपट आला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही तो पाठ आहे.

दुसरे कारण आपलेपणाचे. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातला रितेश २०१४ साली निशिकांत कामत यांच्या ‘लय भारी’मधून मराठी पडद्यावर नायक म्हणून आला. हिंदीत तो दहाएक वर्षे काम करत होता. पण आपल्या जिल्ह्याचा माणूस आपल्या भाषेत दम भरतो, हे पाहण्याचा आनंद वेगळाच होता.

तिसरे कारण पाहणाऱ्याच्या परिस्थितीत असते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे दुष्काळग्रस्त लातूरला पोहोचली होती. हंडे, टँकर आणि रांगा यांत दिवस काढणाऱ्या प्रेक्षकांसमोर सिनेमाचा नायक परशा भरलेल्या विहिरीत उडी घेत होता. त्या वर्षी मराठवाड्यात त्या पाण्याकडे निव्वळ प्रेमकथेतला देखावा म्हणून पाहणे अवघड होते. याच सिनेमात ‘झिंगाट’ला प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले. शेवटी रक्ताने भरलेली लहान मुलाची पावले उमटत जातात आणि पडद्यावर आवाज उरत नाही. तेव्हा नाचलेलेच प्रेक्षक गप्प झाले.

मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त जब्या या मुलाचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तो नेमका कुणाला लागला, यावर प्रेक्षकांत मतभेद होतात. जातीचे चटके सोसलेला आणि न सोसलेला, दोघे या दगडाबद्दल सारखे बोलत नाहीत.

दूरचित्रवाणीची आठवण सामुदायिक असते. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी लागे. गावात टीव्ही मोजके होते, त्यामुळे एकाच घरात सगळी आळी जमत असे. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेचा शेवट तर प्रत्येक मराठी घराला आधीच ठाऊक होता. तरी शेवटचे भाग पाहवतील का, या विचाराने माणसे हळवी झाली. ‘चला हवा येऊ द्या’ हा विनोदाचा कार्यक्रम. पण त्यातला सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचू लागला की हसणाऱ्यांचे डोळे भरून येत.

मानसशास्त्रही या अनुभवाला दुजोरा देते. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली थंड पाण्यात हात बुडवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. अनुभव किती वेळ चालला याला आठवणीत फारसे मोल नसते. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट हेच मनात राहतात, असे त्यातून दिसले. ‘सैराट’ पाहिलेल्याला आधी ‘झिंगाट’ आणि मग ती पावले आठवतात, याचे मर्म इथे सापडते.

म्हणून साध्या प्रेक्षकाचे मत अडाणी समजून बाजूला सारणे चूक आहे. सिनेमा कुणाच्या आयुष्याला कुठे भिडला, हे त्या मतातूनच कळते. जत्रेतल्या तंबूत पिच्चर पाहिलेली आणि शेजारच्या ओसरीवर बसून ‘रामायण’ पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे. घरातल्या अशा वडीलधाऱ्यांना त्यांचा लक्षात राहिलेला प्रसंग जरूर विचारावा आणि तो कुठे, कुणाबरोबर पाहिला, यासह लिहून ठेवावा.