इंजिन मागे गेलं, हवा मध्ये अडकली

मार्च १९६६मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने ‘मिउरा’ उभी केली, तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे सीटच्या मागे आडव्या बसवलेल्या बारा सिलिंडरच्या इंजिनावर होते. रेडिएटर मात्र वारा लागतो तिथेच, नाकात राहिला होता. त्या दोघांच्या मध्ये आता अख्खी गाडी आली. पुढच्या काही दशकांत ही मांडणी इटलीतून जपान, इंग्लंड आणि अमेरिकेपर्यंत पसरली. तिच्याबरोबर एक किरकिरं कामही पसरलं, ते म्हणजे कूलंट बदलल्यावर आत राहिलेली एअर काढणं.

हा सगळा काळ नजरेखालून घातला की एक गोष्ट मला सतत खटकते. हवेला बाहेर पडायला लागणारी नळी करंगळीपेक्षा बारीक असते. ती कारखान्यातच कायमची बसवून टाकण्याऐवजी बहुतेकांनी एक स्क्रू दिला आणि उरलेलं काम दुरुस्ती-पुस्तिकेत लिहून गॅरेजवर ढकललं.

जुन्या गाड्यांना हे कौतुक नव्हतं. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. रेडिएटर इंजिनाच्या तोंडाशी उभा आणि त्याचं झाकण जवळजवळ सगळ्यांत उंच. पाणी ओतलं की हवा आपसूक वर येऊन त्याच तोंडातून निघून जायची. खंडाळ्याच्या घाटात गाडी उकळायची, ती वेगळ्या कारणांनी. एअर काढण्यासाठी पाना हातात घ्यावा लागत नसे.

इंजिन मागे गेल्यावर चित्र उलटलं. इंजिनाचं हेड उंचावर, पाइप जमिनीलगत आणि पुढे उतरत्या नाकात तिरपा झोपवलेला रेडिएटर. शिवाय हीटरसाठी डॅशबोर्डपर्यंत चढून परत उतरणारी एक वेगळी फेरी. म्हणजे एका गाडीत उंचवटे तीन आणि प्रत्येक ठिकाणी हवा बसायला जागा. वॉटर पंप पाणी ढकलतो, हवेपुढे त्याचं काही चालत नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर नुसती घरघरते आणि पाणी चढत नाही, तसाच हा प्रकार. पाण्याच्या मानाने हवा उष्णता वाहून नेण्यात वीस पटींहून अधिक कच्ची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास असा बुडबुडा बसला तर तिथला धातू पाण्यावाचून भाजत राहतो. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला तर १२५च्या पुढे जातं. पण हा हिशेब जिथे कूलंट पोचतं तिथला.

यातली खरी मेख तापमानाच्या काट्यात आहे. त्याचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल असं गृहीत धरलेलं असतं. तो हवेत उघडा पडला तर काटा मधोमध निवांत बसतो आणि तिकडे हेड वाकायच्या बेतात असतं. म्हणून जुने मेकॅनिक काट्यापेक्षा कानावर आणि हाताच्या तळव्यावर विश्वास ठेवायचे. डॅशबोर्डमागून पाणी गुडगुडल्याचा आवाज आला, किंवा हीटरमधून मधूनच गार वारा आला, की एअर आहे हे ठरलेलं.

सुरुवातीच्या काळातला सगळ्यांत बदनाम नमुना म्हणजे ‘दे तोमासो पँतेरा’. १९७१मध्ये आलेल्या या इटालियन गाडीत फोर्डचं ५.८ लिटरचं ‘क्लीव्हलँड’ व्ही-आठ इंजिन होतं आणि अमेरिकेत ती फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरी डीलरांकडे विकली जायची. गाडी तापते ही ओरड लवकरच सुरू झाली. त्यात या इंजिनाचा थर्मोस्टॅट खास घडणीचा. तो उघडताना रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. फोर्डच्या दुसऱ्या व्ही-आठचा थर्मोस्टॅट त्या जागी चपखल बसतो, पण ती वाट उघडीच ठेवतो, आणि गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घिरट्या घालतं. म्हणजे एअर काढूनही गाडी तापते म्हणून माणूस पुन्हा एअर काढायला बसतो, आणि दोष भलतीकडेच असतो. नाक जॅकवर चढवून हवा काढणं हा पँतेराच्या मालकांचा नित्यनेम झाला. अनेकांनी रेडिएटरच्या माथ्यावर स्वतःच तोटी बसवून घेतली. फियाटच्या छोट्या ‘एक्स वन नाइन’ला (१९७२) तसा स्क्रू मुळातच होता. चौपट ताकदीच्या गाडीपेक्षा या चिमुकलीच्या बाबतीत जास्त विचार झालेला दिसतो.

जपान्यांनी हे काम कसं हाताळलं ते बघण्यासारखं आहे. १९८९च्या अखेरीस आलेली टोयोटाची दुसऱ्या पिढीची ‘एमआर-टू’ घ्या. टर्बोवाल्या गाडीत कूलंट तेरा लिटरच्या आसपास बसतं. त्याच घराण्याचं इंजिन पुढे असलेल्या साध्या गाडीला सहा-सात लिटर पुरतात. बाकीचं सगळं त्या लांब पाइपांच्या पोटात. कूलंट ओतायचं तोंड मागे इंजिनापाशी आणि हवा काढायच्या तोट्या दोन, एक रेडिएटरवर, एक हीटरच्या फेरीवर, दोन्ही पुढच्या झाकणाखाली. दोन्ही तोट्यांना पारदर्शक प्लास्टिकची नळी लावायची आणि तिची टोकं उघड्या झाकणाला उंच टांगायची. हीटरची कळ पूर्ण गरमवर. मग तोट्या सैल करून मागून सावकाश ओतायला सुरुवात करायची. थोड्या वेळाने नळीतून रंगीत कूलंट चढायला लागतं, मध्ये मध्ये बोटभर लांबीचे हवेचे तुकडे. तुकडे लहान होत जातात, मग नुसते मणी दिसतात, मग तेही थांबतात. पुढच्या दोन्ही नळ्यांतली पातळी आणि मागच्या तोंडातली पातळी एका रेषेत आली की तोट्या आवळायच्या. पंप नाही, यंत्र नाही. द्रव आपली पातळी गाठतो, या एवढ्या भांडवलावर सगळं चालतं. घाईने ओतलं की मात्र हवा कोंडते आणि पुन्हा पहिल्यापासून. होंडाच्या ‘एनएसएक्स’मध्ये (१९९०) एअर काढायचे बोल्ट आणखी जास्त, आणि तेही ठरलेल्या क्रमाने उघडायचे. पण पुस्तिका पाळली तर काम हमखास होतं. जपानी गाड्यांच्या भरवशाचं श्रेय लोक इंजिनाला देतात, मी त्यातला थोडा वाटा त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही देईन.

इंग्लंडची कथा मात्र रडकी आहे. रोव्हरचं ‘के-सिरीज’ इंजिन १९८८मध्ये आलं तेव्हा ते हलकं आणि हुशार म्हणून नावाजलं गेलं. इंजिनाचे थर लांब बोल्टांनी वरपासून खालपर्यंत एकत्र आवळलेले, आत पाणी अगदी बेताचं. १९९५च्या ‘एमजीएफ’मध्ये आणि १९९६च्या लोटस ‘एलिस’मध्ये त्याचीच १.८ लिटरची आवृत्ती माणसाच्या पाठीमागे बसली. पाणी बेताचं आणि पाइप लांब. थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरतं त्या बाजूला, त्यामुळे तो उघडला की पुढच्या रेडिएटरमधलं गार पाणी तापलेल्या इंजिनात एकदम घुसायचं. त्यात इनलेट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून कूलंट थोडं थोडं झिरपायचं. पातळी उतरली की हेडचा माथा आधी कोरडा पडायचा, तिथे वाफ धरायची आणि मग हेड गॅस्केट जायचं.

एमजीएफला एअर काढायच्या जागा तीन होत्या, रेडिएटरवर, पुढच्या बॉनेटखाली हीटरच्या पाइपवर आणि मागे इंजिनापाशी. गॅस्केट बदलणारे गॅरेजवाले यातल्या एखाद्या जागेला हमखास फाटा द्यायचे. गाडी घरी जायची, काही दिवसांत पुन्हा तापायची, आणि नवं गॅस्केटही जायचं. ‘हे इंजिनच वाईट’ हा शिक्का त्यातून पक्का झाला. तो सगळाच खोटा नव्हता. हेड जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या खुंट्या पुढे कंपनीनेच बदलून पोलादी केल्या. तरी माझं मत असं की दुसऱ्यांदा गेलेल्या गॅस्केटांपैकी बरीचशी इंजिनाने नाही, उरलेल्या हवेने मारली. २००४मध्ये एलिसला टोयोटाचं इंजिन मिळालं, २००५च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि वाद आपोआप निवला.

अडकलेली हवा दरवेळी भरताना राहिलेलीच असते असं नाही, हे त्या पिढीतल्या मेकॅनिकांनी कटू अनुभवातून शिकून घेतलं. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायूच कूलंटमध्ये शिरत राहतो आणि बुडबुडे संपतच नाहीत. अशा वेळी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरतात. वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. तासभर एअर काढत बसण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी केली तर कितीतरी डोकेदुखी वाचते, पण ती करणारे कमीच.

अमेरिकनांनी या प्रश्नाकडे पार वेगळ्या बाजूने पाहिलं, आणि त्यांची गाडी तर पुढेच इंजिन असलेली होती. १९९२च्या कॉर्व्हेटमधल्या ‘एलटी-वन’ इंजिनात जनरल मोटर्सने पाण्याची दिशाच उलटवली. गार पाणी आधी हेडला, मग खाली ब्लॉकला. हेड थंड राहिल्यामुळे कॉम्प्रेशन १०.५पर्यंत नेता आलं. पण वाफेचा स्वभाव वर जाण्याचा आणि पाण्याचा ओघ खाली, त्यामुळे वाफेसाठी वेगळी नळी आणि हवेसाठी स्क्रू द्यावे लागले. १९९७च्या ‘एलएस-वन’ने ओघ पुन्हा सरळ केला, पण धडा मात्र सोडला नाही. दोन्ही हेडच्या वरच्या कोपऱ्यांतून निघणारी बारीक नळी त्याने कायम ठेवली. गाडी चालू असताना वाफ आणि हवा त्या नळीने सतत निघून जाते. तिला पाना लागत नाही, पुस्तिका लागत नाही. या सगळ्या काळातलं माझ्या मते सगळ्यांत शहाणं काम हेच. गंमत म्हणजे हीच इंजिनं काढून दुसऱ्या गाड्यांत बसवणारे हौशी लोक ती नळी ‘कशाला हवी’ म्हणून बुजवून टाकतात आणि मग मागच्या सिलिंडरांपाशी इंजिन का तापतं याचा शोध घेत बसतात.

पोर्शची अडचण निराळी होती. १९९७मध्ये ‘९९६’ आली आणि हवेने थंड होणारी ९११ निवृत्त झाली. इंजिन एकदम शेपटीत, रेडिएटर पुढच्या दोन्ही चाकांसमोर, कूलंट वीस लिटरच्या पुढे. एवढ्या लांबीत ओतून हवा काढणं म्हणजे दिवस घालवणं, म्हणून तिथे निर्वाताने भरायची पद्धत रुळली. कॉम्प्रेसरची हवा एका अरुंद तोंडातून सोडली की तिच्या ओढीने यंत्रणेतली हवा खेचली जाते. काटा उणे ०.८ बारच्या आसपास येतो, रबरी होस पाइप चपटे होतात. मग तोटी बंद करून थांबायचं. काटा हलला नाही तर गळती नाही. त्यानंतर बादलीतल्या कूलंटची नळी उघडली की ते आपोआप आत ओढलं जातं. एका दगडात दोन पक्षी. २०२०च्या कॉर्व्हेटने शेवटी इंजिन मागे नेलं तोवर निर्वाताने भरायचं हे अवजार नेहमीचं झालं होतं.

बीएमडब्ल्यूने तर माणूसच काढून घेतला. ‘ई-थर्टी-सिक्स’ आणि ‘ई-फोर्टी-सिक्स’ या गाड्यांच्या दिवसांत कूलंटच्या टाकीशेजारी प्लास्टिकचा स्क्रू असायचा, जुना झाला की त्याची खाच झिजून हातात यायचा. २००६च्या ‘३३५-आय’मध्ये वॉटर पंप विजेचा होता. इग्निशन चालू, इंजिन बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यांत कमी, ॲक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरायचा. पंप गुणगुणायला लागतो आणि साधारण बारा मिनिटं वेग बदलत हवा हुसकत राहतो. बॅटरीला तेवढा चार्जर लावून ठेवायचा.

इलेक्ट्रिक गाड्यांत ही गुणगुण आणखी वाढली आहे. बॅटरीच्या थंड करायच्या पट्ट्यांतली वाट अरुंद, म्हणून निर्वाताने भरणं तिथे नेहमीचंच. वरून हवा काढण्यासाठी पंप आणि व्हॉल्व्ह सॉफ्टवेअरने आळीपाळीने चालवतात. टेस्लाच्या सर्व्हिस मोडमध्ये तसा पर्यायच आहे. कार्यक्रम संपला की टाकीतली पातळी उतरलेली दिसते. तेवढं कूलंट वरून घालायचं, खुणेपर्यंत, आणि कार्यक्रम पुन्हा एकदा चालवायचा.